शाळा सुटली तिथूनच पुढे: नागपुरात मोठेपणी शिकायला निघालेल्यांसाठी

"ताई, कोणता कोर्स चांगला?" वस्तीत लोकांचे अर्ज भरून देताना हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. विचारणाऱ्या कधी मानेवाड्याकडे घरोघरी पोळ्या करणाऱ्या मावशी असतात, कधी बुटीबोरीत कंत्राटावर राबणारा एखादा दादा, कधी नातवंडे शाळेत गेल्यावर दुपारी मोकळ्या होणाऱ्या आजी. मी आधी उलट विचारते: हातात शेवटचा कागद कोणता आहे? सातवीची टी.सी., नववी नापासाची गुणपत्रिका, दहावीचे राहिलेले दोन विषय, की बारावी होऊन लग्न झाले? मोठेपणीचा रस्ता त्या कागदापासून सुरू होतो. दहावी राहिली असेल तर आधी दहावी, बारावी राहिली असेल तर आधी बारावी. मधली पायरी गाळून पदवी घेतलेल्या माणसाला पुढे प्रत्येक भरतीत त्याच गाळलेल्या पायरीबद्दल विचारतात, म्हणून या एका बाबतीत मी हट्टी आहे.

पहिले काम: टी.सी. आणि नाव

शाळा सोडल्याचा दाखला घरात सापडला नाही तर जुन्या शाळेत अर्ज करून त्याची दुसरी प्रत मिळते. वर्ष नक्की आठवत नसेल तर सोबत शिकलेल्या कोणाला विचारून अंदाज घेऊन जा. त्याने शाळेतल्या बाबूंचे काम सोपे होते आणि तुमचे हेलपाटे वाचतात. शाळाच बंद पडली असेल तर ती महापालिकेची होती की खासगी, हे आधी आठवा. महापालिकेची असेल तर तिची रजिस्टरे कुठे गेली ते महापालिकेच्या शिक्षण विभागात विचारायचे, नाहीतर जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकारी कार्यालयात. दहावी-बारावीची परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाचे नागपूर विभागीय कार्यालयही या दोन्हींसारखे सिव्हिल लाइन्समध्येच आहे, त्यामुळे ही कामे एका फेरीत बसवता येतात. मेट्रोने झिरो माईल किंवा कस्तूरचंद पार्कला उतरा. दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली असेल तर तिची प्रत याच मंडळातून मिळते. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. तुम्ही अकोला-यवतमाळकडून आलेले असाल तर तुमचे जुने कागद अमरावती विभागात असतील.

बायकांच्या बाबतीत खरी अडचण नावाची असते. टी.सी.वर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. शिक्षणाच्या अर्जात नाव आणि जन्मतारीख टी.सी.वर आहे तशीच लिहायची, अगदी अक्षरासह. माहेरचे आणि सासरचे नाव जोडण्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नाव बदलाची जाहिरात हाताशी ठेवा. टी.सी.तच चूक असेल तर शाळा ती परस्पर दुरुस्त करू शकत नाही. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनेच होते आणि त्याला महिने लागतात. म्हणून आधारवरची जन्मतारीख किंवा नावाचे स्पेलिंग टी.सी.प्रमाणे करून घेणे बहुतेकांना सोपे पडते. हे काम प्रवेशाच्या आधी करा. का, ते पदवीच्या भागात येईलच.

मधल्या वर्षांबद्दल कोणी 'गॅप'चे प्रतिज्ञापत्र मागितले तर घाबरू नका. "या काळात मी दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला नव्हता" एवढेच त्यात लिहायचे असते. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा महागडा स्टॅम्प पेपर घ्यायला लावणाऱ्याला कारण विचारा.

अक्षरओळखच नसेल तर

पंधरा वर्षांवरच्या, शाळेत कधी न गेलेल्या किंवा अक्षरे विसरलेल्या माणसांसाठी 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. तो २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव नोंदवायचे. शिकवायला स्वयंसेवक असतात, आणि अनेक घरांत ते काम नात किंवा सून करते. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी प्रत्येकी ५० म्हणजे एकूण १५० गुणांची चाचणी होते. ज्यांचे आई-वडील अजून अंगठा लावतात, त्यांनी स्वतःच्या कोर्सची चौकशी करताना हीसुद्धा करावी, एवढी माझी विनंती आहे.

थोडी शाळा झालेल्यांसाठी, पण आठवीपर्यंत न पोचलेल्यांसाठी, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षा आहेत. पाचवीसाठी वयाची १० वर्षे आणि आठवीसाठी १३ वर्षे पूर्ण असावी लागतात. वरच्या वयाची अट नाही.

दहावी-बारावी: सतरा नंबर की एनआयओएस?

इथे जरा थांबून विचार करा, कारण पुढची दोन वर्षे कशी जाणार ते या निवडीवर ठरते.

पहिली वाट आपल्या राज्य मंडळाची. खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी जो अर्ज भरतात त्याला सगळे 'सतरा नंबर फॉर्म' म्हणतात. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्यात तुमच्या भागातली एक शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचे. मूळ टी.सी., आधार आणि फोटो लागतात. अर्ज साधारण पावसाळ्यात सुरू होतात, नंतर विलंब शुल्क चढते. परीक्षा नियमित मुलांसोबतच, फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेच पेपर, तेच विषय आणि उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के. बारावीला असे बसायचे तर दहावी होऊन दोन वर्षे झालेली असावी लागतात.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ साली स्थापन झाली. दहावीसाठी किमान वय १४, बारावीसाठी १५. पाच विषय, त्यात किमान एक भाषा, आणि उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. आठवी पास असल्याचा कागद नसेल तर "मला लिहिता-वाचता येते" असे स्वतःचे घोषणापत्र देऊन दहावीला प्रवेश मिळतो. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. एका वेळी एक किंवा दोनच विषय देऊन पुढे जाता येते. दुसऱ्या मंडळात काही विषय पास झाले असतील तर त्यातल्या दोनपर्यंत विषयांचे गुण इकडे आणता येतात. ते अलीकडच्या वर्षांतले मात्र असावे लागतात.

दोन्ही कागद मान्य आहेत. मग कोणी काय घ्यावे? माझे मत स्पष्ट आहे. शाळा सोडून दोन-चार वर्षेच झाली असतील, मराठीतून शिकलात आणि घरात किंवा शेजारी कोणी मुलगा दहावीला असेल, तर सतरा नंबर. पुस्तके 'बालभारती'ची, गाइड बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कोणत्याही दुकानात मिळते, आणि सोबत अभ्यासाला माणूस मिळतो. पण शाळा सुटून पंधरा-वीस वर्षे झाली असतील, काम शिफ्टचे असेल, किंवा गणिताच्या भीतीने शाळा सुटली असेल, तर एनआयओएस घ्या. तिथे दहावीला गणित सक्तीचे नाही. गृहविज्ञान, व्यवसाय अध्ययन, चित्रकला, डेटा एन्ट्री असे विषय आहेत. एक-एक विषय काढत जाणाऱ्याचा धीर टिकतो, हे मी बघितले आहे. फक्त पुढे तांत्रिक शिक्षण घ्यायचा विचार असेल तर गणित-विज्ञान टाळू नका, भले ते शेवटच्या संधीपर्यंत लांबवा.

एनआयओएसचे दहावीचे साहित्य मराठीतही आहे. बारावीला मात्र तुम्ही निवडलेल्या विषयाचे पुस्तक मराठीत मिळते का, हे प्रवेशाआधी संकेतस्थळावर उघडून बघा. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या, हिंदीतून शिकलेल्या लोकांना हिंदी माध्यम सरळ उपलब्ध आहे, आणि त्यांच्यासाठी मी नेहमी हीच वाट सुचवते.

एनआयओएसच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मार्चच्या सुमारास सुरू होणारे प्रवेश पुढच्या वर्षीच्या एप्रिलसाठी असतात, आणि सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारे पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरसाठी. आता नागपूरचा मे म्हणजे काय ते सांगायला नको. पेपर बहुधा दुपारी अडीचला असतो. रक्तदाब, साखर असलेल्या माणसाने, किंवा ज्याला कामठी-कन्हानहून बस बदलत केंद्रावर यावे लागेल त्याने, ऑक्टोबरची परीक्षा धरावी. पारा पंचेचाळीशीला टेकलेला असताना तीन तास बसून लिहिणे वेगळे आणि दिवाळीच्या आगेमागे लिहिणे वेगळे. हा एक निर्णय नीट घेतला तर निम्मी दगदग कमी होते.

गृहपाठ सोडू नका. एनआयओएसमध्ये शिक्षकाने तपासायच्या लेखी कामाला २० टक्के गुण आहेत. ते स्वतःच्या हाताने लिहा. झेरॉक्सवाल्याकडे तयार उत्तरे मिळतात, पण वीस वर्षांनी पेन धरणाऱ्या हाताला लिहिण्याची सवय लागते ती याच कामातून.

पदवी

बारावी हातात आली की नागपुरात बसून पदवी करायच्या दोन मोठ्या वाटा आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले. त्याचे विभागीय केंद्र नागपुरात आहे आणि अभ्यासकेंद्रे शहरातल्या अनेक महाविद्यालयांत आहेत. मराठीतून बी.ए., बी.कॉम. करायचे तर हेच. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे 'इग्नू', १९८५ चे. त्याचे प्रादेशिक केंद्र अमरावती रोडकडे आहे. प्रवेश जानेवारी आणि जुलै असे दोनदा, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. तिथे इंग्रजी किंवा हिंदी वाचायची तयारी हवी. तीन वर्षांची पदवी पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते, ही शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे.

बारावी नसताना 'पूर्वतयारी' करून थेट पदवीला जाण्याची वाट मुक्त विद्यापीठांनी बरीच वर्षे चालवली आणि तिने अनेकांना शिकवलेही. ज्ञानासाठी शिकणाऱ्याला तिचा उपयोग आहे. पण नोकरीसाठी शिकत असाल तर लक्षात ठेवा, पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. जाहिरातीत बारावीची गुणपत्रिका मागितली की तिथे ती दाखवावी लागते. एक वर्ष जास्त गेले तरी चालेल, बारावी करा.

मुक्त किंवा ऑनलाइन पदवी 'कमी' असते असे कोणी म्हणाले तर त्याला सांगा: मान्यताप्राप्त संस्थेकडून अशी घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षापासून एका वेळी दोन पदव्या शिकण्याचीही परवानगी आहे.

आता त्या नावाच्या गोष्टीकडे. मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीने प्रवेश घ्यायचा तर आता आयोगाच्या पोर्टलवर 'डेब आयडी', म्हणजे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. त्यासाठी आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे तुमच्या शिक्षणाचे श्रेयांक जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा, क्रमांक लागतो, आणि तो डिजिलॉकरमधून आधारच्या नावाने निघतो. आधारवर एक नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे असेल तर गाडी इथेच अडते. या दोन्ही क्रमांकांना पैसे लागत नाहीत. मोबाइलला आधार जोडलेले असेल तर घरचा कॉलेजात जाणारा मुलगा हे काम करून देईल.

काही गोष्टी दूरशिक्षणाने होतच नाहीत. वैद्यक, अभियांत्रिकीची पदवी, नर्सिंग, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र, कायदा, पीएच.डी. यांना वर्गात जावेच लागते. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, आहार व पोषण, सूक्ष्मजीवशास्त्र हे आरोग्याशी संबंधित विषयही आयोगाने दूरशिक्षणातून काढले आहेत. "घरबसल्या एलएल.बी." अशी पाटी दिसली तर पुढे चला.

पदवी आधीच असलेल्यांसाठी नागपूर विद्यापीठ आहेच. ४ ऑगस्ट १९२३ ला स्थापन झालेल्या आणि आता राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव असलेल्या या विद्यापीठात पाली-प्राकृत आणि डॉ. आंबेडकर विचारधारा यांचे पदव्युत्तर विभाग आहेत. रेल्वेतून, बँकेतून निवृत्त झालेली माणसे तिथे तरुण मुलांच्या बाकावर बसून एम.ए. करतात. या शहराचा मला सर्वात जास्त अभिमान वाटतो तो अशा वर्गांमुळे. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात तेव्हा या विषयांची पुस्तके स्वस्तात मिळतात. यादी करूनच जा. संस्कृत शिकायची इच्छा असेल तर रामटेकचे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ १९९७ पासून आहे, आणि तिथे छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालतात.

पदवी नको, हाताला काम हवे

शासकीय आयटीआय श्रद्धानंद पेठेत आहे. प्रवेशासाठी किमान वय १४, वरची मर्यादा नाही. चाळिशीतल्या माणसालाही वायरमन किंवा शिवणकामाच्या ट्रेडला अर्ज करता येतो. दिवसभर वर्गाला बसणे शक्य नसेल आणि शिक्षण कमी असेल तर जन शिक्षण संस्थानाचे छोटे वर्ग बघा. हे १५ ते ४५ वयोगटासाठी, निरक्षर ते शाळा सुटलेल्यांपर्यंत सगळ्यांना खुले आहेत. सरकारी कारकुनी जागा डोळ्यांसमोर असेल तर एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स आणि टंकलेखन. टंकलेखनाची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट ही अट बऱ्याच जाहिरातींत असते, म्हणून दोन्ही करा.

मोबाइलवरच शिकायचे असेल तर सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. शिकणे फुकट, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच शुल्क.

पैसे देण्याआधी

"बसल्या जागी दहावी", "तीन महिन्यांत पदवी", "परीक्षेला यायची गरज नाही" असे कोणी म्हणाले की बोलणे तिथेच थांबवा. आयोग दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो आणि तिच्यात महाराष्ट्रातून वर्षानुवर्षे येणारे नाव नागपूरचेच आहे: राजा अरेबिक युनिव्हर्सिटी. म्हणजे हा धोका दूर कुठेतरी दिल्लीत नाही. संस्थेचे नाव आयोगाच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः बघा, आणि तिला तुमच्याच अभ्यासक्रमासाठी, त्याच सत्रासाठी दूरशिक्षणाची मान्यता आहे का तेही बघा. शुल्क संस्थेच्या अधिकृत पोर्टलवर भरा आणि पावती स्वतःच्या ई-मेलवर घ्या. अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याला त्याचे पन्नास-शंभर जरूर द्या, पण लॉगिनचा पासवर्ड आणि मोबाइल नंबर तुमचाच ठेवा. दुसऱ्याचा नंबर टाकल्यामुळे हॉल तिकीटच काढता न आलेली माणसे दर परीक्षेला भेटतात.

घर, वेळ आणि लोक

"आता या वयात कायले पाहिजे शिकणं?" हे वाक्य येणार. बहुतेक वेळा ते घरातूनच येते. वाद घालण्यापेक्षा आठवड्यातली ठरलेली वेळ घरात सांगून ठेवा. उन्हाळ्यात पहाटे पाच ते सात ही नागपुरातली एकच वेळ डोके चालण्यासारखी असते. हिवाळ्यात रात्री जेवणानंतर बसले तरी चालते. घरात जागा नसेल तर भागातली महापालिकेची अभ्यासिका किंवा सार्वजनिक वाचनालय शोधा. तिथे स्पर्धा परीक्षांची मुले भरलेली असतात. लाजू नका, हीच मुले अडलेले गणित समजावून देतात.

एकट्याने शिकू नका, हे मात्र कळकळीने सांगते. त्याच वस्तीतली, त्याच परीक्षेला बसणारी आणखी दोन माणसे मिळवा. पुस्तक घेणे, केंद्रावर जाणे, रविवारचा संपर्क वर्ग, सगळे सोबत करा. शिक्षण अर्ध्यावर सुटते ते अवघड विषयापेक्षा आजारपण, लग्नसराई आणि बदललेली शिफ्ट यांमुळे, आणि अशा वेळी "उद्या गृहपाठ द्यायची शेवटची तारीख आहे" असा फोन करणारे माणूस लागते.

परीक्षा आणि त्यानंतर

हॉल तिकीट आले की केंद्र एकदा आधी जाऊन बघून या. लोकमान्य नगरकडून प्रजापती नगरपर्यंतची किंवा खापरीकडून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतची मेट्रो जवळून जात असेल तर तीच धरा. ऑटोचा भरवसा धरू नका. पारदर्शक बाटलीत पाणी, दोन पेनं, मूळ ओळखपत्र. आधारवर आणि हॉल तिकिटावर नाव वेगळे असेल तर विवाह प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवा.

निकाल लागला की गुणपत्रिकेवरचे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख त्याच दिवशी तपासा. चूक असेल तर लगेच अर्ज करा, वर्षानंतर तेच काम दहापट अवघड होते. मूळ गुणपत्रिका लॅमिनेट करू नका, त्यावर पुढे शिक्के मारावे लागतात. एनआयओएसमधून राज्यातल्या महाविद्यालयात जाणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र गुणपत्रिकेसोबतच मागून घ्या. डिजिलॉकरमध्ये सगळे उतरवून ठेवा. आणि पुढच्या पायरीचा प्रवेश कधी सुरू होतो ती तारीख त्याच आठवड्यात भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून टाका.